कुत्र्यांचा निकाल

"आजार मला आणि औषध कुत्र्यांना," मेदेत म्हणाला आणि स्वतःच हसला. आम्हीही हसलो. न हसून काय करणार? त्याचे डोळे तेव्हाच पिवळे दिसायला लागले होते.

मेदेत म्हणजे आमच्या बुरुलचा धाकटा भाऊ, डोंगरातल्या अत-बाशीकडचा घोडेवाला. बुरुल आमच्या बिश्केकच्या संस्थेत औषधं शोधते. झाडपाल्यातून, मुळांतून नेमका गुण असलेला अंश वेगळा काढते. आणि मी नुरीपा, जनावरांची डॉक्टर. बुरुलनं काढलेलं माणसाच्या तोंडात जाण्याआधी ते उंदरांच्या आणि शेवटी कुत्र्यांच्या पोटात काय गोंधळ घालतं, ते बघणं माझं काम. जनावर जिवंत असेपर्यंत त्याचं रक्त बघायचं, मेल्यावर अवयव कापून सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर बघायचे. लोक विचारतात, तुला झोप कशी लागते गं? मला मस्त लागते. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी आधी घरातल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओताव्यात आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

मेदेतला झालं होतं ते आमच्या डोंगरात घरोघरी ठाऊक आहे. कुत्रं रानातला उंदीर खातं, त्याच्या पोटात जंत होतो, जंताची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात आणि तेच हात तोंडात घालतात. मग दहा-पंधरा वर्षं काही म्हणजे काही होत नाही. जंत यकृतात बसून गुपचूप मुळ्या पसरत असतो. कळतं तेव्हा अर्धं यकृत त्यानं खाल्लेलं असतं. बाजारात गोळ्या मिळतात, पण त्या जंताला झोपवतात, मारत नाहीत. मेदेतचं एक ऑपरेशन झालं होतं. दुसरं करायला डॉक्टर तयार नव्हते, आणि गोळ्या त्याला सोसेनाशा झाल्या होत्या.

बुरुल ज्या मुळाच्या मागे लागली होती ते अत-बाशीच्याच उतारावरचं. मेंढपाळ त्याचा काढा मेंढ्यांना जंतावर पाजतात. पण मेंढीला काढा पाजणं वेगळं आणि माणसाला औषध देणं वेगळं. मुळं वाळवा, कुटा, दारूच्या अर्कात भिजवा, आटवा. तपकिरी चिकट राब हाती येतो, त्यात शंभर गोष्टी असतात. त्या एकेक सुट्या करायच्या आणि काचेच्या बशीत ठेवलेल्या जंतावर टाकून बघायच्या. जंत ढिम्म हलत नाही. पुढची. तरी ढिम्म. हे वर्षानुवर्षं. एक दिवस बशीतला जंत मेला, तेव्हा बुरुल माझ्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसून राहिली. मला वाटलं, घरी कुणी गेलं की काय.

तो अंश पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून तिनं त्याची घडण थोडी बदलली. मग तो जंतावर चालेना. पुन्हा बदलली. अशा किती तऱ्हा केल्या ते तिचं तिलाच माहीत. शेवटी जी पांढरी पूड उरली, पोतंभर मुळातून चमचाभर, ती आजारी उंदरांना दिली आणि त्यांच्या यकृतातल्या गाठी आकसल्या. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उगाच कुणाचं कौतुक करणारी बाई मी नव्हे, पण त्या दिवशी मी बुरुलची पापी घेतली.

मेदेतचा आजार कळला तो त्यानंतर. म्हणजे बहीण औषध शोधत होती ते परक्यांसाठी, आणि आजार निघाला घरात. लोक उलटंच सांगतात, की तिनं भावासाठी शोधलं. छान वाटतं ना ऐकायला. पण तसं नव्हतं.

आता राहिले कुत्रे. कुत्र्यांना सहा महिने औषध द्यायचं आणि त्यांना काही होत नाही हे दाखवायचं, मगच माणसावर करून बघायला परवानगी मिळते. आमच्या संचालकांनी बुरुलला सगळ्यांसमोर शब्द दिला होता. "कुत्र्यांचा निकाल स्वच्छ येऊ दे. मंत्रालयातून मेदेतसाठी खास परवानगी मी स्वतः जाऊन आणतो." माणूस तोंडाळ आहे, पण शब्दाचा पक्का. तेव्हापासून बुरुलचा, मेदेतचा आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचा जीव आमच्या कुत्र्यांवर टांगलेला होता.

कुत्रे ओरोझ आतांच्या ताब्यात. आता म्हणजे म्हातारबाबा. संस्थेत त्यांना सगळेच तसं म्हणतात. कुत्रे धुणं, खाऊ घालणं, फिरवणं, त्यांच्याशी बोलणं, सगळं तेच करत. मी म्हणायचे, "आता, नावं ठेवू नका, मला पुढं जाऊन त्यांना कापायचंय." ते म्हणायचे, "मग बिननावाचं कापलं तर बरं वाटतं का गं तुला?" आणि नावं ठेवायचेच. छातीवर पांढरा डाग म्हणून अक्तोश. मानेला पांढरा पट्टा म्हणून मोयनोक.

काही कुत्र्यांना कमी औषध, काहींना जास्त, आणि काहींना नुसती रिकामी कुपी, म्हणजे पूड न भरलेली कॅप्सूल, शेजारी ठेवून ताडून बघायला. तिन्ही टोळ्यांना एकाच पातेल्यातला लापशी-मांसाचा रांधा. कुपी घशात मागं ढकलायची. कधीकधी ती दाताखाली फुटे आणि मग बघायला नको. इतकी कडू पूड मी जन्मात चाखलेली नाही. एकदा बोट लागलं होतं, संध्याकाळपर्यंत चहा गोड लागला नाही. कुत्रे फेस गाळत, पंजानं तोंड खरवडत. ओरोझ आता त्यांच्या शेजारी फतकल मारून बसत आणि त्यांची समजूत काढत.

मेदेत शहरात बुरुलकडेच राहायला आला होता. घरात बसून कंटाळायचा आणि आमच्या आवारात येऊन ओरोझ आतांजवळ उन्हात बसायचा.

"काय रे, घोडे सोडून कुत्र्यांत आलास?" आता विचारायचे.

"माझ्या आधी पंगत ह्यांची बसलीय ना, आता. जेवण कसं होतंय ते बघायला आलो."

"जेवतायत झकास. तू आपली भूक सांभाळ."

मग तो अक्तोशचे कान ओढायचा आणि म्हणायचा, "लेका, तुझ्याच जातीनं मला हे दिलंय. निस्तर तूच." बुरुल वरच्या खिडकीतून बघत असायची. खाली यायची नाही.

पहिले तीन महिने रक्त छान. मग एकदा अक्तोशचं रक्त बिघडलेलं आलं. मग आणखी दोघांचं. मला वाटलं माझं यंत्र बिघडलं; शिव्या घालून पुन्हा तपासलं. यंत्र ठीक होतं. थंडी सरायच्या सुमाराला औषध घेणाऱ्या कुत्र्यांचे डोळे आणि हिरड्या पिवळ्या झाल्या. एक मेला. कापून काचेवर बघितलं, तर यकृताच्या पेशींत चरबी ठासलेली आणि पित्ताच्या बारीक नळ्या नको तितक्या वाढलेल्या. रिकाम्या कुपीवाले सगळे ठणठणीत.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली आणि मी ती बैठकीत मोठ्यानं सांगितली. "कमी औषध घेणारे आणि जास्त घेणारे सारखेच आजारी आहेत. विषच असेल तर जास्त घेणाऱ्याला जास्त बाधायला हवं. आणि हा मोयनोक बघा, सगळ्यांत जास्त औषध ह्याच्या पोटात, आणि ह्याला काहीच नाही."

संचालक म्हणाले, "एखादा कुत्रा अपवाद असतो, नुरीपा."

"अपवाद असतो. पण का असतो?"

"कुत्रे पिवळे झालेत. मेलाय एक. मी मंत्रालयात जाऊन काय सांगू, की कुत्रे मेले पण आमच्या बाईंना खटकतंय?"

मी रांधा तपासला होता, पाणी तपासलं होतं. फरशी धुवायचं औषध बदललंय का ते बघितलं होतं. ओरोझ आतांना खोदून खोदून विचारलं होतं, "आता, ह्यांना वरचं काही घालता का? हाडूक, उरलेलं, काहीही?" म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "लेकी, मी नियम मोडीन का? काही घालत नाही. खोटं बोलत असेन तर नान मला मारो." नानची शपथ आमच्याकडे कुणी उगाच घेत नाही. मी मान हलवली आणि आले.

बुरुल बैठकीत माझे रक्ताचे आकडे वाचत होती. शेवटी म्हणाली, "कुत्र्यांनी सांगितलं ना. बास." औषध बंद झालं. आजारी कुत्रे मी सुई देऊन कायमचे झोपवले. अक्तोश आणि मोयनोक ह्या दोघांना मात्र ठेवलं, कारण औषध थांबल्यावर यकृत आपलं आपण सुधारतं का हेही बघायचं असतं. अक्तोशचा आजार तेव्हा हलका होता.

त्या आठवड्यात मी बुरुलच्या घरी गेले होते. आई चुलीशी होती. मेदेत भिंतीला उशी लावून बसला होता. पाय सुजलेले, पोट वर आलेलं. निकाल त्याला समजला होता.

"एजे," तो बहिणीला म्हणाला, "ती पूड आहे ना अजून तुझ्याकडे?"

"आहे."

"मग दे मला."

बुरुल चहाचे पियाले पुसत होती. पुसतच राहिली.

"मी तसाही चाललोय. जंतानं मेलो काय आणि पुडीनं मेलो काय. उंदरांच्या गाठी आकसल्या म्हणालीस ना तू?"

"उंदरांच्या आकसल्या. पण कुत्र्यांची यकृतं गेली, मेदेत. अख्खी होती, ती गेली. तुझं अर्धंच उरलंय."

"कुत्र्यांचं कुत्र्यांपाशी."

"मग त्यांना दिलं कशाला मी सहा महिने? शोभेला?" तिचा आवाज चढला. "जे कुत्र्याला मारतं ते मी माझ्या हातानं तुला भरवू?"

आई वळली. म्हातारी कधी मध्ये पडत नसे. म्हणाली, "दे की गं. एवढं मागतोय तर दे."

"आई, तू गप्प बस." हे असं आईला बोललेलं मी बुरुलच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग ह्यांना. काचेवर तू बघितलंस. सांग."

मी सांगितलं. जे बघितलं होतं ते सांगितलं. खटकलेलंही सांगितलं, पण त्याला आधार काही नव्हता, आणि आधार नसताना कुणाच्या भावाला विष द्या असं मी म्हणू शकत नव्हते. मेदेत ऐकत होता. मग म्हणाला, "बरं बाई. तुम्हा दोघींशी कोण भांडणार. चहा तरी द्या." बुरुलनं चहा दिला. त्यानं दोन घोट घेतले आणि पियाला खाली ठेवला.

मार्चातल्या नौरूझच्या सणाआधी तो हॉस्पिटलात गेला आणि तिथंच वारला. अत-बाशीला नेला. अंगणात युर्त, म्हणजे लोकरी नमद्याचा तंबू, उभारला, घोडा कापला. बाप्ये काठीवर रेलून रडत आले आणि बाया आत भिंतीकडे तोंड करून कोशोक, म्हणजे आमची शोकगीतं, गात बसल्या, जसं करतात तसं सगळं झालं. बुरुलही गायली. तिथं त्यांचा एक चुलता मला म्हणाला, "एवढी शिकलेली बहीण, औषधं शोधते म्हणे. सख्ख्या भावाला कामी आली नाही." माझ्या जिभेवर आलं होतं काहीबाही. परक्याचं मयत म्हणून गिळलं.

बुरुल परत कामावर आली. पूड बरणीत घालून कपाटात मागे सारली आणि दुसऱ्याच कुठल्यातरी पानांचं काम हातात घेतलं. मी विचारलं, "बरी आहेस ना?" तर म्हणाली, "एका गोष्टीनं बरी आहे. माझ्या हातून गेला नाही तो. दिलं असतं आणि गेला असता तर मी जगले नसते." त्या एका आधारावर ती चालत होती.

इकडे माझे दोन कुत्रे. मोयनोक तसाच, घोड्यासारखा. अक्तोशचं रक्त एव्हाना सुधारायला हवं होतं. ते आणखी बिघडलं. औषध थांबून इतके दिवस झालेले आणि आजार वाढतोय. मी तीन-तीनदा तपासलं. चोर पळून गेला तरी घरात चोरी चालूच आहे, म्हणजे चोर तो नव्हताच की काय?

दुपारी मी खाली गेले. ओरोझ आता अंगणात चहा घेऊन बसले होते, मलाही ओतला. दोन्ही कुत्रे मोकळे होते. अक्तोश आतांच्या गुडघ्याला डोकं लावून बसलेला, पिवळा, केस गळालेला.

"दिवसेंदिवस खंगतोय गं हा," आता म्हणाले. "तुमचं कडू औषध थांबलं तरी त्याच्या अंगातून गेलं नाही." आणि बोलता बोलता त्यांनी मागं हात घातला. शेडच्या दाराशी खुंटीवर मोठी कापडी पिशवी होती, तिच्यातून वाळका नान काढला, मोडला, हातानं झटकला आणि अर्धा अक्तोशला दिला. अर्धा मोयनोकला. मोयनोकनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"हा नवाब," आता म्हणाले. "मांसाशिवाय तोंड लावत नाही. पहिल्यापासून असाच."

मी पियाला खाली ठेवला. ती पिशवी मी रोज बघत होते. आमच्याकडे नान फेकत नाहीत. कचऱ्यात तर नाहीच नाही. जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात. घरात उरलेला, वाळलेला नान लोक पिशवीत घालून झाडाला, कुंपणाला टांगतात, म्हणजे कुणाच्या तरी जनावराच्या मुखी लागेल. संस्थेतला प्रत्येक माणूस आपला शिळा नान आणून त्या पिशवीत टाकायचा. मीसुद्धा. त्या दाराशीच ओरोझ आता फरशा धुवायचे, गरम पाण्याची वाफ सारखी तिथं भरलेली असायची.

"आता, हा नान तुम्ही ह्यांना कधीपासून घालताय?"

"नान?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "नान काय, तो तर आहेच की."

"मी विचारलं होतं, वरचं काही घालता का."

"वरचं नाही घालत. हाडूक नाही, उरलेलं नाही. नान म्हणजे काय वरचं झालं?" ते खरंच चकित झाले होते. "कडू लागायचं ना बिचाऱ्यांना. तोंड धुवायला तुकडा द्यायचो."

"सगळ्यांना?"

"ज्यांना कडू लागायचं त्यांनाच. रिकाम्या कुपीवाल्यांना कशाला? त्यांना काय झालं होतं समजूत काढायला?"

मी अक्तोशच्या पंजाखालचा तुकडा ओढून घेतला. मोडलेल्या जागी आत हिरवट-पिवळी बुरशी होती. "झटकतो ना मी," आता म्हणाले. "जनावराला एवढं चालतं."

जनावराला नाही चालत. बुरशीचं विष यकृतावर काय करतं ते पुस्तकात मी विद्यार्थी असताना वाचलं होतं. चरबी ठासलेल्या पेशी, वाढलेल्या पित्ताच्या नळ्या. पिशवीतले तुकडे मी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले. विष निघालं, आणि थोडंथोडकं नव्हे. साप साप म्हणून भुई धोपटत होतो आम्ही सगळे. सगळ्यांत जास्त औषध घेतलेला मोयनोक ठणठणीत होता, कारण मेल्याला नान आवडत नव्हता. एवढंच.

हे बुरुलला सांगायचं कसं? खरं सांगते, दोन दिवस मी तिला टाळलं. न सांगून चालणार होतं का? औषध चांगलं असेल तर ते कपाटात कुजत पडलं होतं आणि डोंगरातली माणसं मरत होती. आणि सांगितलं, तर ज्या एका आधारावर ती उभी होती तो मी माझ्या हातानं काढून घेणार होते. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो." बैलच आहे तो. मी कुठं पळणार?

ती नळाखाली काचेची भांडी धूत होती. मी सगळं ओळीनं सांगितलं, काही गाळलं नाही. पाणी वाहत राहिलं, शेवटी मीच नळ बंद केला.

"म्हणजे पूड वाईट नव्हती," ती म्हणाली.

"पुन्हा कुत्र्यांवर करावं लागेल. पण नसावी."

"मेदेतला दिली असती तर वाचला असता?"

"ते कुणालाच नाही सांगता येणार, बुरुल. उशीर झालाच होता."

"वाचला असता का?"

"मला माहीत नाही."

ती ओल्या हातानं टेबल धरून उभी राहिली. "तो मागत होता," ती म्हणाली. "आई म्हणाली, दे. मी आईला गप्प बस म्हणाले." मग पुन्हा तेच म्हणाली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तिनं तो ठेवू दिला नसता. मग तिनं विचारलं, "ओरोझ आतांना सांगितलंस?"

"नाही. म्हातारा मरेल ऐकून."

"सांगावं लागेल. नाहीतर पुढच्या कुत्र्यांनाही घालतील." तिनं हात पुसले. "चल."

तिनंच सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या नवीन नोकराला काम समजावून सांगावं तसं सांगितलं. ओरोझ आता उभे होते ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे मी मारले सगळे," ते म्हणाले.

"तुम्ही एकट्यानं नाही, आता. त्या पिशवीत आमचा सगळ्यांचा नान होता."

"आणि तुझा भाऊ?"

बुरुल म्हणाली, "त्याला जंतानं मारलं." हे तिनं कुठून आणलं असेल, देव जाणे. माझ्याच्यानं म्हणवलं नसतं.

आतांनी उठून पिशवी खाली काढली. ती हातात घेऊन ते आमच्याकडे बघत राहिले. टाकायची कुठं? कचऱ्यात नान जात नाही. जनावराला घालायचा नाही. जाळणं तर त्याहून वाईट. म्हणून आम्ही पुरायचं ठरवलं. आतांनी शेडमागं जर्दाळूच्या झाडाशी खड्डा केला. आम्ही दोघी वाकून पिशवीतले नान एकेक खड्ड्यात ठेवू लागलो. ओतायचं धाडस कुणाला झालं नाही.

मध्येच बुरुलचा हात थांबला. तिच्या हातात एक अख्खा नान होता, कडेला एकच घास घेतलेला. दातांच्या खुणा वाळून कडक झाल्या होत्या. असा नान आमच्यात कुणालाही ओळखू येतो. माणूस लांब जायला निघाला, की त्याला एक घास घ्यायला लावतात आणि उरलेला नान भिंतीला टांगून ठेवतात. परत येऊन तो त्यानं संपवायचा असतो.

"हॉस्पिटलला निघाला तेव्हा आईनं घ्यायला लावला होता," बुरुल म्हणाली. "चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं भिंतीवरून काढला. मला म्हणाली, कुणाच्या तरी मुखी लाव. म्हणून मी इथं आणला."

कडेनं बुरशी चढली होती, पार घासाच्या खुणेपर्यंत. ओरोझ आता म्हणाले, "हा नको पुरू, पोरी. हा घरी ने." आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. काय घातक आणि काय नाही हे सांगायचं काम माझं होतं ना.

मी म्हणाले, "बुरशी आहे त्याच्यावर. घरात म्हातारी माणसं आहेत."

बुरुलनं मान हलवली. वाद घातला नाही. घासाची बाजू वर करून तिनं तो नान सगळ्यांच्या वर ठेवला आणि हातानं माती ओढायला लागली. ओरोझ आता फावडं पुढं करत होते, ते तिनं घेतलं नाही.